मॅग्नेशियमची हाडं

मला नवी माणसं चटकन आवडत नाहीत आणि नव्या वस्तू तर त्याहून नाहीत. माझी थोरली बहीण म्हणते, "सेत्ती, तू जन्मलास तेव्हासुद्धा सुईणीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या होत्यास." तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दाराआडून बघत होती, त्यामुळे मला वाद घालता येत नाही. मी सातवा. तोवर आमच्या आईला नावं सुचेनाशी झाली होती, म्हणून तिनं सेत्तिमिओ, म्हणजे सातवा, असंच ठेवून दिलं. मधले पाच जण कुणी आर्जेंटिनाला गेले, कुणी देवाघरी. इटलीतल्या आमच्या कास्तेलफिदार्दोत उरलो आम्ही दोघं, एर्सिलियाअक्का आणि मी, आणि वडिलांची अकॉर्डियनची कार्यशाळा. कार्यशाळा म्हणजे स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या. आमच्या गावात अशा खोल्या घरोघरी आहेत.

अक्का वाजवायची आणि मी दुरुस्त करायचो, असं पंचेचाळीस वर्षांच्या वर चाललं. तिचं अकॉर्डियन वडिलांनी तिच्या अठराव्या वर्षी बनवलं. त्यातले स्वर, म्हणजे भात्याच्या हवेनं थरथरणाऱ्या पोलादाच्या बारीक पट्ट्या, त्यांनी स्वतः एकेक करून कानशीनं घासले होते. लोरेतोपासून ओसिमोपर्यंत कुठल्याही लग्नात अक्का नसली तर लोक विचारायचे, नवरीकडच्यांचं काही बिनसलंय का? नवरा गेल्यावर तिनं तीन महिने दुखवट्याचे काळे कपडे घातले आणि काळ्या कपड्यांतच नाचाच्या सभागृहात जाऊन वाजवलं. गावानं नावं ठेवली आणि गाव नाचलंही.

त्या वर्षी द्राक्षांच्या तोडणीच्या सुमारास तिचा डावा खांदा गेला. वाजवता वाजवता हात खाली पडला आणि भाता लोंबकळला. अंकोनाच्या डॉक्टरनं फोटो काढले आणि साफ सांगितलं, "बाई, नऊ किलोच्या वर गळ्यात काही घालायचं नाही. घातलंत तर वर्षभरात या हातानं केस विंचरता येणार नाहीत." अक्काच्या वाद्याचं वजन बारा किलोला शंभर ग्रॅम कमी. मी गावभर हिंडून हलकी अकॉर्डियनं आणली. तिनं एकेक छातीशी धरलं, दोन सूर काढले आणि खाली ठेवलं.

"हे काय, बाळाच्या रडण्याला साथ द्यायला आणलंस?"

"अक्का, सात किलोचं आहे."

"सात किलोचंच वाजतंय. बाबांचं नसेल तर मला कुठलंच नको."

आणि तिनं वडिलांचं वाद्य पेटीत घालून पलंगाखाली ढकललं. रडली नाही. पण कपाटं घासायला लागली. एकाच आठवड्यात तीच कपाटं तीनदा घासली. मी समोर बसून जेवायचो आणि ती काही बोलायची नाही. जिच्या तोंडाला साठ वर्षं कुलूप लागलं नव्हतं, ती बाई गप्प बसली की घर खायला उठतं. मला भीती वाटत होती, उघड सांगतो. ही बाई वाजवायची थांबली तर फार दिवस काढणार नाही, असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरात ग्वाल्तिएरो आला. हा मोदेनाकडचा ओतारी. चाळीस वर्षं मोटारसायकलींच्या इंजिनांचे भाग ओतून निवृत्त झालेला विधुर, माणूस आडवा आणि हात फावड्यासारखे. बावीस वर्षं तो दर उन्हाळ्यात समुद्रावर सुट्टीला यायचा आणि दर रविवारी अक्काच्या वाजवण्यावर नाचायचा. समुद्रात तो उतरलेला मला तरी कधी दिसला नाही. अक्काचं कळल्यावर थंडीत, धुक्यात, तीनशे किलोमीटर गाडी हाकत आला. दारातून आत येऊन टोपी काढली आणि कोटाच्या खिशातून विटेएवढा करडा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"धरा, सेत्तिमिओ मास्तर."

धातूच्या विटेला जेवढा जोर लावायचा तेवढा लावून मी ती धरली आणि माझा हात हनुवटीपर्यंत वर गेला. जिन्याची शेवटची पायरी संपली हे न कळता पाय टाकावा तसं झालं. अक्का किती तरी दिवसांनी हसली.

"पोकळ आहे," मी म्हणालो.

"आपटून बघा."

मी मागच्या खोलीतल्या ऐरणीवर वीट आपटली. पितळ टणत्कारतं, अॅल्युमिनियमसुद्धा किणकिणतं. हिनं नुसतं 'धप' केलं आणि गप्प झाली.

"बहिरा धातू!"

"बहिरा नाही, गुणी," ग्वाल्तिएरो म्हणाला. "मॅग्नेशियम हे. पितळाच्या पाचव्या हिश्शाएवढं वजन. आणि हादरा, खडखड सगळं पोटात घालतं, पुढे जाऊ देत नाही. एर्सिलियाबाईंच्या वाद्याचा सांगाडा कशाचा आहे?"

"पितळ आणि पोलाद. बाबांच्या वेळी तेच चालायचं."

"मग स्वर तेच ठेवा, लाकूड तेच, भाता तोच. फक्त हाडं बदलू. बोटांनी पट्ट्या दाबल्यावर होणारी खालची खटखटही जाईल. नुसता सूर उरेल."

मी काय म्हणणार? मी म्हणालो, "हे तेच ना, जे पूर्वी फोटोवाले पेटवायचे? डोळे दिपायचे आणि भुवया जायच्या? ते माझ्या बहिणीच्या छातीवर बांधू?"

त्यानं खिशातला चाकू काढून विटेच्या कडेवरून केसाएवढे चार धागे काढले, बशीवर ठेवले आणि काडी लावली. स्वयंपाकघर पांढरं झालं. भिंतीवरच्या तव्याची सावली, अक्काच्या नाकाची सावली, सगळं सुरीनं कापल्यासारखं उमटलं आणि विझलं. बशीत चिमूटभर पांढरी राख राहिली.

"कीस जळतो," तो म्हणाला. "अंग जळत नाही. अंगाला आच लागली की ती सगळीकडे पसरून जाते, एका जागी साठत नाही. फक्त कीस साठू द्यायचा नाही. आणि पेटलाच तर पाणी घालायचं नाही. कधीच नाही. पाण्यातला प्राणवायूसुद्धा ओरबाडून घेऊन जळतो तो."

"असं कुठे असतं? आग पाण्यानं विझते," मी म्हणालो आणि तळघरात वाइन आणायला गेलो. खरं तर वाइन टेबलावर होती. मला ऐकायचं नव्हतं.

परत आलो तर अक्का त्याला पालक वाढत होती आणि तो काट्यावर पान धरून तिला सांगत होता की या हिरव्या रंगाच्या पोटातही मॅग्नेशियमच आहे, ते काढलं तर जगात एक पान हिरवं राहणार नाही.

"आणि डॉक्टरनं हातात गोळे येतात म्हणून पुड्या दिल्यात, त्याही त्याच्याच," अक्का म्हणाली. "सेत्ती, आई आपल्याला पोट साफ व्हायला कडू मीठ द्यायची ना? तेही हेच म्हणे!"

"म्हणजे लहानपणापासून हे मला छळतंय," मी म्हणालो.

"अहो, तुम्हाला सगळंच छळतं," ग्वाल्तिएरो म्हणाला. अक्का इतकी हसली की तिला डावा खांदा धरावा लागला. त्या हसण्यासाठी मी हो म्हटलं. धातूसाठी नाही.

डिसेंबरभर मी बाबांच्या सांगाड्याची मापं घेऊन लाकडाचे नमुने कोरले. पट्ट्यांखालचा सांगाडा, डाव्या हाताच्या बटणांची पाटी, जाळी, दांडे, असे एकोणीस तुकडे. ते घेऊन मी ग्वाल्तिएरोबरोबर त्याच्या जुन्या ओतशाळेत गेलो. तिथली माणसं कामं थांबवून त्याच्यापुढे उभी राहिली. मला वाटलं होतं, ओतशाळा म्हणजे धगधग आणि आरडाओरडा. तिथे शांतता होती आणि गंधकाचा वास.

पोलादाच्या मुशीत धातू वितळत होता. हा लोखंडाला खात नाही, म्हणून पोलादाची मूस चालते, हे मला तिथे कळलं. ग्वाल्तिएरो हातात गंधकाच्या भुकटीची डबी घेऊन मुशीवर वाकला होता आणि केकवर पिठीसाखर भुरभुरावी तसं भुरभुरत होता. त्या चांदीच्या तळ्यावर एखाद्या ठिकाणी गंधक कमी पडलं की तिथे एक पांढरा ठिपका उठायचा आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगायला लागायचा. हवा लागली की जळतंय. ग्वाल्तिएरोचं बोट त्याआधीच तिथे पोचलेलं असायचं. चिमूटभर गंधक आणि ठिपका गप्प.

"ओतताना घाई नाही, भीती नाही," तो म्हणाला. "घाबरून ओतलं की धार तुटते. धार तुटली की हवा शिरते."

त्यानं धार साच्यात सोडली. वाळूतसुद्धा गंधक कालवलेलं होतं. आवाज झाला नाही. एकोणीस साचे भरेपर्यंत त्या आडव्या माणसाचं मनगट एकदाही हललं नाही. मी पंचेचाळीस वर्षं हातानं काम करतोय, हात ओळखतो. मी टोपी काढली. कुणी बघितलं नाही म्हणून बरं झालं.

थंड झाल्यावर वाळू झाडून त्यानं सांगाडा माझ्या हातात दिला. बाबांनी घडवलेली प्रत्येक कड त्यात उतरली होती आणि वजन एखाद्या पावाएवढं. मला गलबलून आलं आणि मी म्हणालो, "कडा जरा जाड आल्यात."

जानेवारीत मी वाद्य पुरतं उघडलं. बाबांचे स्वर त्यांच्या लाकडी ठोकळ्यांसकट काढून फडताळावर ओळीनं ठेवले आणि जुनी हाडं काढून नवी बसवायला घेतली. खरं सांगतो, असा धातू मी आयुष्यात कापला नव्हता. पितळ कानशीला चिकटतं, पोलाद भांडतं. हे म्हणजे चीज. कानस फिरवली की हवी तेवढी कड निघून येते आणि मागे आरशासारखी राहते. ग्वाल्तिएरोनं वर पिवळट लेप दिला होता आणि स्क्रूंसाठी पुठ्ठ्यासारख्या चकत्या दिल्या होत्या.

"लोखंडाचा स्क्रू थेट लावू नका," त्यानं बजावलं होतं. "तुमच्याकडे समुद्राची खारी हवा. लोखंड आणि हे शेजारी बसले आणि मध्ये ओल आली की याला कुरतडायला सुरुवात. मध्ये चकती हवीच."

"माझी सासू आणि मोठी जाऊ अशाच होत्या," अक्का म्हणाली. "मध्ये मी चकती."

सगळं जोडून काट्यावर टाकलं. नऊ किलो तीनशे. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

"तीनशे ग्रॅमनं काय होतंय?" मी म्हणालो.

अक्कानं पट्टे खांद्यावर घेतले आणि एक वॉल्ट्झ सुरू केला. मी डोळे मिटले. खटखट नव्हती. पट्ट्यांखालून, बटणांखालून काही आवाज नाही, नुसते बाबांचे स्वर. सूर इतका स्वच्छ मी पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि वाद्य तेच होतं. मग तो मध्येच थांबला. डोळे उघडले तर अक्काच्या वरच्या ओठावर घाम होता आणि ती उजव्या हातानं पट्टा वर धरून होती.

"नऊ म्हणजे नऊच रे, सेत्ती," ती हळूच म्हणाली. "अजून तीनशे काढ. कार्निव्हलचा नाच सोळा फेब्रुवारीला आहे. मी त्यांना हो सांगितलंय."

"मला न विचारता?"

"तुला विचारून मी लग्नसुद्धा केलं नव्हतं."

मग मी वाद्य पुन्हा उघडलं, स्वर पुन्हा फडताळावर ठेवले आणि सांगाड्याला भोकं पाडायला बसलो. जिथे जोर येत नाही तिथे भोक, जिथे दोन भोकांत जागा आहे तिथे तिसरं. ड्रिलखालून चंदेरी कुरळा कीस निघून बाकाखाली पडत होता. ग्वाल्तिएरोनं काय सांगितलं होतं? तासातासाला कीस झाकणाच्या डब्यात भरा आणि अंगणात ठेवा. पण कार्यशाळा माझी, झाडू माझा. उंटावरच्या शहाण्यानं मोदेनाहून मला झाडायला शिकवावं?

आमच्याकडे झाडण्याची एक रीत आहे, गावातल्या प्रत्येक कार्यशाळेत तीच. दिवस संपला की आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, मग झाडायचं. कारण धूळ उडाली तर स्वरांत जाऊन बसते, आणि स्वराच्या फटीत एक कण अडकला की तो स्वर मुका. म्हणून दाराशी पाण्याची बादली कायम भरलेली. बाबांनी मला पहिली शिकवलेली गोष्ट ही. मी त्या संध्याकाळीही पाणी शिंपडलं, भिजलेला कीस भुशाबरोबर लोटला आणि ढीग ग्राइंडरखाली सारला. सकाळी भरू म्हटलं.

सकाळी भरला नाही. डुकराचं काम होतं. शेजाऱ्यांबरोबर घेतलेलं डुक्कर आदल्या दिवशी कापून झालं होतं आणि अक्का स्वयंपाकघरात मांड्या टिकवायला त्यांना जाडं मीठ चोळत बसली होती. मी जरा मदत केली, शिव्या खाल्ल्या आणि परत बाकावर आलो. दुपारी ड्रिलचं टोक बोथट झालं. ते मी ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या खाली गेल्या, जशा रोज जातात.

आधी मला वाटलं, कुणीतरी खिडकीतून आरसा धरलाय. मग खाली बघितलं आणि काही दिसेनाच. ढीग पांढरा जळत होता. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा, त्या घरात जन्मलेला, विचार न करता वळलो, बादली उचलली आणि रिकामी केली.

धडाका झाला. पांढऱ्या आगीचा फुलोरा छतापर्यंत गेला आणि मी भिंतीवर जाऊन आदळलो. जळके थेंब बाकावर पडले, सांगाड्यावर पडले. बाकाची कड पेटली. आणि मला दिसलं ते एवढंच की फडताळ चार हातांवर आहे आणि फडताळावर बाबांचे स्वर आहेत. आमचे स्वर ठोकळ्यांवर मेणानं बसवलेले असतात. मेणाला किती आच लागते? खालच्या ओळीतलं मेण चकाकायला लागलं होतं. मी ओरडलो, "पाणी! अक्का, पाणी आण!"

ती दारात आली. कोपरापर्यंत मीठ, अंगाला एप्रन.

"पाणी नको, गाढवा!"

तिनं मिठाचं ताट उजव्या हातानं कमरेवर तोललं होतं. ती आगीजवळ गेली, तोंड फिरवलं आणि ते मीठ फेकलं नाही, ओतलंही नाही. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं कडेकडेनं सोडलं. परत गेली, दुसरं ताट आणलं. मग तिसरं. "उभा काय राहिलास? स्वर उचल!" मी फडताळाकडे धावलो आणि ठोकळे दोन-दोन करून अंगणात नेले. बोटांना मेण चिकटत होतं. परत आलो तेव्हा कोपऱ्यात मिठाचा पांढरा ढिगारा होता आणि त्याच्या आत कुठे तरी उजेड होता, बर्फाखाली दिवा ठेवावा तसा. तो लहान होत गेला. अक्का एप्रननं बाकाची कड बडवत होती. मग ती खाली बसली.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"तू वाइन आणायला गेलास तेव्हा तो सांगत होता. कोरडं मीठ, हळू सोडायचं, म्हणजे वर साय धरते आणि हवा तुटते." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भुवया गेल्या तुझ्या. आता आठ्या कशा घालशील?"

मला हसू आलं नाही. बाकावर मिठाखाली सांगाडा होता, ज्याला मी माझ्या हातानं आग लावली होती. तो उकरून बघायचं धाडस मला झालं नाही. मी ग्वाल्तिएरोला फोन केला आणि सगळं सांगितलं, बादलीसकट. मग त्यानं विचारलं, "बाई ठीक आहेत?" मी हो म्हटलं. "येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मी दारातच म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी." एवढी तीन वाक्यं मी आयुष्यात सलग कुणाला म्हटली नव्हती.

त्यानं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वितळून पुन्हा गोठल्यासारखी होती. "एकोणीसशे एक्कावन्न," तो म्हणाला. "पंधरा वर्षांचा अनुभव असलेला ओतारी होतो मी तेव्हा. मीही बादलीच उचलली होती. प्रत्येक जण एकदा पाणी घालतो, मास्तर. दुसऱ्यांदा घालणारा मी पाहिला नाही."

मग त्यानं मिठाची खपली फोडून सांगाडा बाहेर काढला. तो काळा होता. ग्वाल्तिएरोनं खिडकीशी नेऊन त्यावर अंगठा फिरवला, ओल्या फडक्यानं पुसला, मग कानशीनं एक कड जराशी खरवडली. आत चांदी होती. तो कड न् कड तपासत गेला. जिथे जळके थेंब पडले होते तिथे तीन खळगे पडले होते, मसुराच्या डाळीएवढे. एक कोपरा नखाएवढा वितळला होता. बाकी अंग जसंच्या तसं. तेवढ्या आगीत पडून राहिलं आणि जळलं नाही. मला तो माणूस त्याच्या धातूबद्दल बढाई मारतोय असं वाटलं होतं. तो कमीच बोलला होता.

"चार ग्रॅम तुमच्याशिवायच कमी झाले," तो म्हणाला.

तो आमच्याकडे अठरा दिवस राहिला. उरलेली भोकं आम्ही दोघांनी पाडली, आणि तासातासाला कीस डब्यात. बादली मी अंगणात नेऊन ठेवली आणि तिच्या जागी कोरड्या मिठाचा डबा आला. खालच्या ओळीतल्या दोन ठोकळ्यांचं मेण वाहून गेलं होतं आणि स्वर वाकडे झाले होते. ते एकेक काढून, साफ करून, नव्या मेणात बसवून, बाबांच्या वेळच्या सुरात आणायला मला रात्रीचा दिवस करावा लागला. एकही स्वर फुटला नव्हता. मधल्या जेवणाला ग्वाल्तिएरो आणि अक्का तास तास बोलत बसायचे. एकदा मी ऐकलं, ती त्याला म्हणत होती, "तुम्ही बावीस वर्षं नाचलात, पण पाय अजून चुकतात तुमचे." तो म्हणाला, "पायांकडे लक्ष कुठे असायचं?" मी दार लोटून घेतलं. मी तापट आहे, पण आंधळा नाही.

पंधरा फेब्रुवारीला काट्यावर टाकलं. नऊ किलो चाळीस ग्रॅम.

"अजून चाळीस," मी म्हणालो आणि ड्रिल उचलला.

"ठेव तो खाली," अक्का म्हणाली. "चाळीस ग्रॅम मी तोंडाला पावडर कमी लावेन."

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. लोकांना आगीची बातमी कळलेली होतीच, माझ्या भुवयांकडे बघून प्रत्येकानं काही ना काही बोलून घेतलं. डॉक्टरनं बजावलं होतं, पहिल्या दिवशी अर्धा तास, त्याच्या वर एक मिनिट नाही. मी पहिल्या रांगेत घड्याळ हातात घेऊन बसलो. ग्वाल्तिएरो भिंतीशी उभा होता, टोपी दोन्ही हातांत धरून. त्याला तीन बायकांनी नाचायला बोलावलं. तो जागचा हलला नाही.

अक्का खुर्चीवर बसली. गेली दोन वर्षं ती बसूनच वाजवत होती. दुखत होतं म्हणून, हे आम्हाला नंतर कळलं. तिनं भाता उघडला. पोल्का, मग वॉल्ट्झ, मग आमच्याकडचा साल्तारेल्लो. लोक नाचत होते आणि त्यांच्या पायांच्या आवाजातूनही बाबांचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघण्याचं मला धाडस नव्हतं, मी खांद्याकडे बघत होतो. खांदा चालत होता. वीस मिनिटं झाली. अठ्ठावीस झाली. तीस झाली. मी उठलो आणि घड्याळ दाखवत तिला खूण केली.

तिनं माझ्याकडे बघितलं. वाजवणं थांबवलं नाही. पाय जुळवले, खुर्ची टाचेनं मागे सारली आणि पंचवीस वर्षांच्या पोरीसारखी, वाद्य छातीशी धरून, वाजवत वाजवत उभी राहिली.

सगळं सभागृह ओरडलं. माझ्या हातातलं घड्याळ कुठे पडलं मला माहीत नाही. मी वळून भिंतीकडे बघितलं, तर तो मोदेनाचा आडवा माणूस टोपीत तोंड घालून रडत होता. मी त्याच्यापाशी गेलो आणि पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

"ग्वाल्तिएरो," मी म्हणालो, "तोंड पूस आणि नाच. ती तुझ्याकडे बघतेय."